वजन वाढलं म्हणून सगळे खूश होते, आणि टीएसएच निघाला ६४

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मला एमडीआर टीबी (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा टीबी) आहे, उपचारांचा सहावा महिना चालू आहे. सुरुवातीला लिनेझोलिड होतं, पण तळपायांना मुंग्या आणि रात्री आगआग सुरू झाली म्हणून दुसऱ्या महिन्यात ते बंद केलं आणि त्याजागी इथिओनामाइड व पास ही दोन औषधं आली. शिवाय बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन, सायक्लोसेरिन, लिव्होफ्लॉक्सासिन चालूच आहे. म्हणजे मूठभर गोळ्या आणि वर पासची भुकटी.

आजारात मी ४३ किलोवर आलो होतो. टीबीत वजनकाटा म्हणजे परीक्षेचा निकाल. काटा वर गेला की उपचारांचं कार्ड लिहिणारा माणूससुद्धा हसून बघतो. गेल्या दोन महिन्यांत माझं वजन ५ किलोंनी वाढलं. घरी आनंदीआनंद. इथिओनामाइडमुळे दिवसभर मळमळतं, दोन घास धड जात नाहीत, तरी वजन वाढतंय कसं, हे कुणालाच विचित्र वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

मग अंगठी बोटात रुतली, साबण लावूनही निघेना. फोनवर मामा म्हणाला, घसा बसलाय का रे तुझा? दुपारी बसल्या जागी झोप लागायची. क्लोफाझिमिनने माझा रंग तांबूस-काळपट झालाय, त्यामुळे चेहरा बदललाय हे दिसत होतं, पण सुजलाय हे कळत नव्हतं. शिवाय मन इतकं उदास की आंघोळ करणंसुद्धा डोंगराएवढं वाटायचं. सायक्लोसेरिनने मन खचतं हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून खापर त्याच्यावर फुटलं. डोस कमी झाला, मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी झाली.

पकडलं कुणी, तर ईसीजी काढणाऱ्या सिस्टरांनी. पट्ट्या लावताना माझा हात धरला आणि म्हणाल्या, "इतके गार हात? आणि नाडी ५०? शेवटचा टीएसएच कधी केला?" फाइल चाळली. (टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक. थायरॉइड मंदावलं की ते वाढतं.) उपचार सुरू होण्याआधीचा एक रिपोर्ट होता, २.१, म्हणजे नॉर्मल. त्यानंतर काहीच नाही. चार महिने थायरॉइड दाबणारी दोन औषधं एकत्र चालू आणि एकदाही तपासणी नाही. आता आलेला आकडा ६४, फ्री टी-फोर (थायरॉइड स्वतः बनवते ते संप्रेरक) तळाला.

थायरॉक्सिन (त्याच संप्रेरकाची गोळी) ५० मायक्रोग्रॅम सुरू झालंय, दोन आठवड्यांनी वाढवणार आहेत. पण डोक्यात प्रश्न घोंघावतायत. ही गोळी जन्मभराची का? इथिओनामाइड बंद करायला सांगू का? आणि जंतूच थायरॉइडमध्ये शिरलाय, असं तर नाही ना?

---

जास्वंद

अर्धविराम, आधी काळजी घ्या. माझ्या नणंदेला थायरॉइड आहे, १५ वर्षं गोळी चालू आहे. एकदा लागली की सुटत नाही ती, मनाची तयारी ठेवा. पण गोळी घेऊन माणूस अगदी नॉर्मल जगतो, घाबरू नका.

---

उंटावरचा_शहाणा

थायरॉइड म्हणजे आयोडीनची कमतरता, शाळेत शिकलो आहोत. आयोडीनचे थेंब मिळतात, ते सुरू करा. गोळ्यांच्या नादी लागू नका. आणि ते इथिओनामाइड आधी बंद करा! ज्याने रोग दिला तेच खात बसण्यात काय शहाणपण?

---

नाडीपरीक्षा

मी फिजिशियन आहे. (सदस्यनाम गमतीत घेतलंय, नाडीवाला वैद्य नाही.) वरच्या दोन्ही प्रतिसादांवर लिहिणं भाग आहे, विशेषतः दुसऱ्यावर, कारण तो कुणी मनावर घेतला तर जिवाशी खेळ होईल.

थायरॉइड ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते आणि एका एन्झाइमच्या मदतीने ते प्रथिनावर चिकटवते. त्यातून टी-फोर आणि टी-थ्री ही संप्रेरकं बनतात. १९४३ मध्ये संशोधक अ‍ॅस्टवूड यांनी अतिक्रियाशील थायरॉइडवर थायोयुरिया वापरून दाखवलं, ते नेमकं हे चिकटवण्याचं काम अडवणारं औषध होतं. आज वापरतात ती मेथिमाझोल, कार्बिमाझोल ही त्याच कुळातली. इथिओनामाइडच्या रेणूत गंधकाचा तसाच गट आहे. म्हणजे टीबीचं हे औषध न सांगता थायरॉइडचंही औषध आहे, आणि ज्याला ते नको आहे त्याच्या पोटात जातंय. प्रोथिओनामाइड त्याचंच भावंड. पासची रचना वेगळी, पण तेही आयोडीन चिकटवू देत नाही. दोन्ही एकत्र असली की धोका एकट्या औषधापेक्षा बराच जास्त.

आता आयोडीनचं बघा. कारखान्यात कच्चा माल भरपूर आहे, यंत्र अडकलंय. वरून आणखी माल ओतून काय होणार? उलट जादा आयोडीनने ग्रंथी आणखी मंदावू शकते. थेंब नकोत.

औषध बंद करण्याबद्दल: एमडीआरमध्ये एखादं औषध मनाने सोडलं तर उरलेल्यांवरचा भार वाढतो आणि जंतू त्यांनाही सरावतो. त्यातून जे उभं राहतं त्यापुढे थायरॉइड किरकोळ आहे. इथे थायरॉइडची भर बाहेरून घालता येते, रोज एक गोळी, आणि टीबीचं औषध चालू ठेवता येतं. बहुतेक वेळा हेच करतात. बदल करायचा तर तो तुमच्या टीबीच्या डॉक्टरांनी करायचा.

जास्वंद, तुमच्या नणंदेला बहुधा शरीर स्वतःच ग्रंथीवर हल्ला करतं तो प्रकार असेल, तिथे गोळी सहसा कायमची. इथे ग्रंथी धडधाकट आहे, फक्त हात बांधलेत. इथिओनामाइड आणि पास थांबल्यावर काही आठवड्यांत ते सुटतात, कुणाला दोन-तीन महिने लागतात. तेव्हा तपासत तपासत गोळी कमी करून थांबवतात.

जंतू शिरल्याचं म्हणाल, तर थायरॉइडचा टीबी असतो, पण फार दुर्मीळ. तो गाठ किंवा गळू होऊन समोर येतो. असा गुपचूप टीएसएच ६४ करून बसत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. थायरॉइड मंदावलं की ईसीजीवरचं क्यूटी अंतर (हृदयाला दर ठोक्यानंतर पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ; फार लांबला तर ठोके धोकादायक बिघडू शकतात) लांबतं. बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन ही तिन्हीही ते लांबवतात. म्हणजे तुमच्याकडे चार जण एकाच बाजूला ओढतायत. थायरॉक्सिनने त्यातला एक कमी होईल. तोवर ईसीजी चुकवू नका. त्या सिस्टरांना माझा नमस्कार सांगा.

---

उंटावरचा_शहाणा

डॉक्टर, थेंबांचे शब्द मागे घेतो. पण मग हे औषध देतातच कशाला?

---

नाडीपरीक्षा

कारण बऱ्याचदा त्याहून चांगला पर्याय उरलेला नसतो. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना अनेक एमडीआर रुग्णांसाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा उपचार सुचवते. त्यात इथिओनामाइड नाही, पासही नाही. पण अर्धविरामसारखं लिनेझोलिड सोसत नसेल, तर जुन्या पेटीत हात घालावा लागतो. पास १९४० च्या दशकातलं, इथिओनामाइड १९५० च्या. ही औषधं म्हातारी आहेत, आणि त्यांच्या खोड्याही तेवढ्याच जुन्या आणि माहीत असलेल्या. म्हणून तर सुरुवातीला आणि पुढे दर काही महिन्यांनी टीएसएच करायचा असतो. तो राहून गेला, ही चूक कार्डाची, रुग्णाची नव्हे.

---

सांजसावली

हा धागा मला आधी कुठे होता! माझ्या आईची गोष्ट उलटी आहे. ती १२ वर्षं थायरॉक्सिन ७५ घेत होती, टीएसएच कायम दोनच्या आसपास. मागच्या वर्षी तिला साधा टीबी झाला, एमडीआर नव्हे. रिफॅम्पिसिन सुरू झालं आणि तीन महिन्यांत टीएसएच १४.

यात वाईट काय झालं सांगू? सगळ्यांनी तिलाच धरलं. "तुम्ही थायरॉइडची गोळी विसरता." मीही ओरडले तिच्यावर, हे लिहिताना लाज वाटते. ती बिचारी रिकामी पाकिटं मोजून दाखवायची. एक दिवस सगळी पाकिटं पिशवीत भरून तपासणीला घेऊन गेली, पुरावा म्हणून. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं की रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की थायरॉक्सिन वापरून होण्याआधीच साफ होतं. गोळी १२५ वर नेली, टीएसएच खाली आला. टीबीचा कोर्स संपल्यावर परत ७५ करायला हवं हे मात्र कुणी सांगितलं नाही. महिनाभराने तिला धडधड आणि घाम. तेव्हा धावपळ.

---

नाडीपरीक्षा

सांजसावली, तंतोतंत. ज्याची ग्रंथी निरोगी आहे तो रिफॅम्पिसिन चालू असताना जास्त संप्रेरक बनवून तूट भरून काढतो, त्यामुळे त्याला काही जाणवत नाही. जो सगळं गोळीतूनच घेतो, त्याच्याकडे भरून काढायला कुणी नाही. आधीपासून थायरॉक्सिनवर असलेल्याला रिफॅम्पिसिन सुरू करताना आणि थांबवतानाही, दोन्ही वेळा सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायला हवा. थांबवतानाचा हमखास विसरला जातो. आईंची माफी मागितलीत का?

---

सांजसावली

मागितली. पाकिटांची पिशवी अजून ठेवलीये तिने.

---

काचपट्टी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तर जरा काउंटरच्या आतल्या बाजूने.

रिपोर्टवर आकड्यापुढे बाण दिसला की लोक घाबरतात, पण रक्त कधी काढलं हे कुणी बघत नाही. एकदा न्यूमोनियाने अ‍ॅडमिट असलेल्या आणि आधीपासून टीबीच्या रुग्णाचा रिपोर्ट माझ्या हातून गेला. टी-थ्री तळाला, टीएसएच ०.२. नातेवाइकांना कुणीतरी सांगितलं, थायरॉइड वाढलंय. तीन आठवड्यांनी घरी जाताना टीएसएच ९. आता सांगितलं, थायरॉइड कमी झालंय! पुढे दोन महिन्यांनी तोच माणूस बाहेरून तपासणीला आला, टीएसएच २.४. एकही गोळी न घेता. त्याला ना वाढलेलं होतं ना कमी झालेलं.

दुसरं, केसगळतीच्या गोळ्या. टीबी असो की एचआयव्ही, मोठ्या आजारानंतर केस गळतात आणि लोक बायोटिन सुरू करतात. मोठ्या डोसचं बायोटिन बऱ्याच मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-फोर खोटा जास्त दाखवतं. रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी ते थांबवा, डोस फारच मोठा असेल तर आणखी आधी, आणि काउंटरवर सांगा. आम्ही विचारत नाही, ही आमची चूक, पण तुम्ही सांगा.

---

नाडीपरीक्षा

काचपट्टीने सांगितलेला प्रकार फार नेहमीचा आहे. अंगात मोठा आजार असला की शरीर मुद्दाम चूल मंद करतं. टी-फोर हे तसं साठ्याचं संप्रेरक, त्यातला आयोडीनचा एक अणू काढला की कामाचं टी-थ्री बनतं. आजारात हे काम करणारं एन्झाइम सुस्तावतं आणि दुसरं एक एन्झाइम टी-फोरपासून निकामी, उलटं टी-थ्री बनवतं. वर मेंदूही टीएसएच सोडण्यात हात आखडता घेतो. बरं होताना टीएसएच काही काळ उसळतो, क्वचित २० पर्यंतही. त्या उसळीच्या दिवशी रक्त काढलं आणि कागदाकडे बघून गोळी लावली, तर निरोगी माणूस वर्षानुवर्षं थायरॉइडचा रुग्ण म्हणून फिरतो. म्हणून गंभीर आजारात, तशी सबळ शंका नसेल तर, थायरॉइड तपासूच नये असं आम्ही म्हणतो.

अर्धविराम, तुमचं तसं नाही. तुम्ही अ‍ॅडमिट नव्हता, टीएसएच ६४ आणि फ्री टी-फोरही खाली. ही उसळी नव्हे, खरी कमतरता आहे.

---

रातराणी_७

इथे लिहू की नको, दोन दिवस विचार केला. मी एचआयव्हीसह जगते. औषधं सुरू केली तेव्हा सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) ३८ होतं. दीड-दोन वर्षांत ते ४०० च्या वर गेलं, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडेनासा झाला. सगळं छान चाललेलं असताना वजन उतरायला लागलं. हात थरथरायचे, रात्री छातीचे ठोके उशीतून ऐकू यायचे.

माझ्यासारखीचं वजन उतरलं की मनात एकच येतं, औषधं फेल गेली. किंवा टीबी. थुंकी, एक्स-रे, सोनोग्राफी, व्हायरल लोड पुन्हा. सगळं स्वच्छ. मी तर मृत्युपत्राचा कागद आणला होता. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितले, पालथ्या हातांवर कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. टीएसएच सापडण्याइतकाही नव्हता. ग्रेव्ह्ज निघाला, म्हणजे प्रतिकारशक्तीच थायरॉइडला अति काम करायला लावते तो आजार.

त्यांनी सांगितलं ते अजून लक्षात आहे: "तुमची प्रतिकारशक्ती परत आली, आणि येताना थोडी वाट चुकली." म्हणजे मी बरी होत होते म्हणून हे झालं. अर्धविराम, तुमच्याकडे वजन वाढलं म्हणून सगळे हसत होते, माझ्याकडे उतरलं म्हणून रडत होते. दोन्हीकडे थायरॉइडच.

---

नाडीपरीक्षा

रातराणी, लिहिलंत ते फार बरं केलंत. एचआयव्हीत हे एचआयव्हीची औषधं सुरू झाल्यावर साधारण एक ते तीन वर्षांनी दिसतं, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत शोधून सापडत नाही. आणि ज्यांचं सीडी-फोर तळाला जाऊन मग झपाट्याने वर येतं त्यांच्यात जास्त.

---

ओला_कागद

आमच्या जमान्यातलं सांगतो. हिपॅटायटिस सी, २०११ ला ४८ आठवडे इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतली. सुरू करण्याआधी टीएसएच आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) केलं होतं, अँटी-टीपीओ जरा वाढलेलं. चौथ्या महिन्यात टीएसएच ०.०५, धडधड. वाटलं ग्रेव्ह्ज. डॉक्टर म्हणाले थांबा. दोन महिन्यांत तोच टीएसएच ३०. म्हणजे ग्रंथी फुटून साठा सांडला होता, आणि सांडून झाल्यावर पेला रिकामा. तेव्हाच कार्बिमाझोल सुरू केलं असतं तर पंचाईत झाली असती. विषाणू गेला, थायरॉइड मात्र परत आलं नाही. मी थायरॉक्सिन १०० घेतो. २०१३ च्या शेवटी सोफॉसबुविर आलं, आता तीन महिन्यांच्या गोळ्यांत काम होतं, इंटरफेरॉन लागतच नाही. नवीन पोरांना हे सांगितलं तर गोष्ट वाटते.

(अवांतर: अर्धविराम, लोह, कॅल्शियम किंवा अँटासिड घेत असाल तर थायरॉक्सिनपासून चार तास लांब ठेवा. मी वर्षभर दोन्ही एकत्र घेत होतो आणि टीएसएच का उतरत नाही म्हणून कपाळ बडवत होतो.)

---

अर्धविराम

अँटासिड!! मळमळ होते म्हणून मी दिवसातून तीनदा घेतो. गोळ्यांच्या डबीत तेही शेजारीच आहे.

---

नाडीपरीक्षा

तर मग आजच डबी लावायची पद्धत बदला. लिव्होफ्लॉक्सासिनही अँटासिडला चिकटून वाया जातं, म्हणजे एका अँटासिडने तुमची दोन औषधं पाडली. थायरॉक्सिन सकाळी अनाशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मळमळीसाठी दुसरं काही मिळेल का ते टीबीच्या डॉक्टरांना विचारा, आणि जे द्याल ते क्यूटी बघून द्या असंही म्हणा. उलटी थांबवणारी काही औषधंही ते लांबवतात.

---

गवतफूल

कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनसाठी थॅलिडोमाइड चालू असणाऱ्यांनीही हे वाचावं. त्यानेही थायरॉइड मंदावू शकतं. माझ्या काकांची सुस्ती सगळ्यांनी "औषधाची गुंगी" म्हणून सोडून दिली होती, कारण त्या औषधाने झोप येतेच. सहा महिने गेले.

---

अर्धविराम (नऊ आठवड्यांनंतर)

हजेरी लावतो. थायरॉक्सिन १०० वर आहे. टीएसएच ५.८, फ्री टी-फोर नॉर्मल. क्यूटी खाली आलंय. सायक्लोसेरिनचा डोस पुन्हा पूर्ववत केला, आणि गंमत म्हणजे उदासी परत आली नाही. ती त्याची नव्हतीच बहुतेक.

सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे वजन साडेतीन किलोंनी उतरलं. नुसतं पाणी होतं ते. कार्ड लिहिणारा नवीन होता. काटा बघून त्याचा चेहरा पडला आणि कार्डावर लाल शाईत "वजन घटले" असं लिहिलं. मी त्याखाली पेन्सिलीने टीएसएचचे दोन्ही आकडे तारखांसकट लिहून ठेवले. तो म्हणाला, हे काय? मग रांग अडवून त्याला पाच मिनिटं थायरॉइड सांगितलं.

---

जास्वंद

वा! जीव भांड्यात पडला. बरेच महिने झाले की पुन्हा लिहा हो, गोळी सुटली की नाही ते. माझं म्हणणं चुकलं तर आवडेल.

---

अर्धविराम (आणखी पंधरा महिन्यांनंतर)

जास्वंद ताई, चुकलात. कोर्स संपला, थुंकी स्वच्छ. इथिओनामाइड आणि पास थांबल्यावर डॉक्टरांनी थायरॉक्सिन आधी ५० केलं, सहा आठवड्यांनी तपासून बंद केलं. गोळीशिवाय दोन महिन्यांनी टीएसएच २.६. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा बघायला सांगितलंय.

तळपायांच्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. रंग हळूहळू उतरतोय. अंगठी मात्र आता इतकी सैल होते की आतून दोरा गुंडाळून घालतोय.